अफवेचा कर्ता

मराठीत खोट्या बातमीला जितकी नावे आहेत तितकी खऱ्या बातमीला नाहीत. अफवा, आवई, भुमका, वावडी, कंडी, हूल, पुडी, थाप. यादी आणखी लांबवता येईल. पण या नावांपेक्षा त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदे मला अधिक बोलकी वाटतात. अफवा ‘पसरते’, आवई ‘उठते’. कंड्या मात्र कोणीतरी ‘पिकवतो’, पुडी कोणीतरी ‘सोडतो’, हूल कोणीतरी ‘देतो’. वावडी म्हणजे मुळात मोठा पतंग. ती उडवावी लागते आणि उडवणाऱ्याच्या हातात दोरी असते. पहिल्या गटातल्या शब्दांना कर्त्याची गरज भासत नाही. दुसऱ्या गटातल्यांचे कर्त्यावाचून पान हलत नाही.

‘डिसइन्फर्मेशन’ या नावाने हल्ली जिची चर्चा चालते, ती हेतुपुरस्सर पसरवलेली खोटी माहिती या दोन गटांच्या सीमेवर राहते. पिकवलेली कंडी पसरलेल्या अफवेसारखी दिसली पाहिजे, हे तिचे सारे कौशल्य. तिचा इतिहास म्हणजे कर्ता लपवण्याचा इतिहास, असे मला वाटते. त्याच इतिहासाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: लपलेल्या कर्त्याला आपले बी पेरायला खरी जमीन लागते. केवळ खोट्यावर खोटे उगवत नाही.

मी वरळी कोळीवाड्यात राहतो. शहराच्या नकाशावर वरळीच्या उत्तर टोकाला, किल्ल्याच्या पायथ्याशी असलेले हे गाव. इथल्या किल्ल्यापासूनच सुरुवात करू. ‘पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला’ अशी त्याची ओळख कितीतरी लेखांतून आणि फिरायला येणाऱ्यांच्या तोंडून ऐकू येते. वास्तविक तो इंग्रजांनी १६७५ च्या सुमारास बांधला. या चुकीमागे कोणाचा काही डाव नाही. वसई, माहीम, वांद्रे या परिसरात पोर्तुगीजांच्या खुणा इतक्या आहेत की आणखी एक जुनी भिंत त्यांच्या खात्यावर सहज जमा होते. ही झाली निव्वळ चूक. तिला कर्ता नाही आणि तिच्यावाचून कोणाचे अडलेही नाही.

दुसरी पायरी अफवेची. १८ ऑगस्ट २००६ रोजी माहीमच्या किनाऱ्यावरचे समुद्राचे पाणी गोड झाल्याची बातमी शहरभर झाली. मखदूमशाह बाबांचा दर्गा जवळच असल्यामुळे अर्थही आपोआप लागला. माणसे लोटली, लोक बाटल्या भरभरून पाणी नेऊ लागले, लहान मुलांनाही पाजू लागले. पालिकेला लोकांना हे पाणी पिऊ नका म्हणून सांगावे लागले. माहीमचा उपसागर आमच्या गावासमोरच पसरलेला आहे, त्यामुळे इथे त्याची चर्चा झाली नसती तरच नवल. वयस्क नाखव्यांना तिच्यात विशेष काही वाटले नाही. मिठी नदी माहीमच्या खाडीत उतरते. भर पावसात खाडीच्या तोंडाशी पाण्याचा खारटपणा उतरतो, हे ज्यांचा जन्म पाण्यावर गेला त्यांना ठाऊक असते. म्हणजे ‘पाणी गोडसर आहे’ हे निरीक्षण बहुधा खरेच होते. खोटे होते ते त्याला चिकटवलेले कारण. ज्यांनी चव घेतली त्यांना वेड्यात काढणाऱ्यांची मला म्हणूनच गंमत वाटते. चव घेणारे अनुभवाशी प्रामाणिक होते. त्या अनुभवाचा अर्थ सांगणारे विश्वासाचे माणूस त्या क्षणी त्यांच्याजवळ नव्हते, इतकेच.

या खऱ्या निरीक्षणाचा उपयोग कोणी जाणूनबुजून केला, तर काय होते? त्याचे उत्तर आपल्याकडे फार जुने आहे. महाभारताच्या द्रोणपर्वात द्रोणाचार्यांच्या हातून शस्त्र सोडवण्यासाठी भीम आधी अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मारतो. हा तपशील आपण विसरतो. पुरावा आधी निर्माण केला गेला, बातमी नंतर दिली गेली. ती दिली जाण्यासाठी माणूसही असा निवडला की ज्याच्या शब्दावर शत्रूसुद्धा विश्वास ठेवील. युधिष्ठिराने ‘अश्वत्थामा मारला गेला’ हे मोठ्याने सांगितले आणि ‘हत्ती’ हा शब्द पुटपुटला. मराठीत ‘नरो वा कुंजरो वा’ हा वाक्प्रचार आज गुळमुळीत उत्तर देण्यासाठी वापरला जातो. मूळ प्रसंग गुळमुळीत नाही. खरा पुरावा, विश्वासार्ह तोंड आणि गिळलेला उत्तरार्ध ही तिथली कृती आजवर बदललेली नाही. महाभारतकाराला तिची किंमतही ठाऊक होती: भुईपासून चार बोटे वर चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या वाक्यानंतर जमिनीला टेकला.

कौटिल्याने तर याचे शास्त्रच केले. अर्थशास्त्राच्या तेराव्या अधिकरणात शत्रूचा किल्ला घेण्याचे उपाय आहेत, आणि त्याचा आरंभ तटाला शिड्या लावण्यापासून होत नाही. राजा सर्वज्ञ आहे, देव त्याच्याशी बोलतात, अशी समजूत पसरवण्यापासून होतो. भुयारातून आत शिरून अग्निगृहांत आणि देवमूर्तींत लपलेल्या हेरांशी राजाने लोकांदेखत संभाषण करावे, असे तिथे सुचवले आहे. इथे पुन्हा तेच दिसते. लोकांची श्रद्धा खरी, मूर्ती खरी, आतला आवाज मात्र नोकरीवर ठेवलेला.

मराठी माणसाला या विषयाचे दैवत म्हणून विचारले तर तो थेट आनंदीबाईंचे नाव घेईल. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. राघोबादादांनी ‘नारायणरावास धरावे’ असा हुकूम दिला होता आणि आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ केले, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. कागदाशी लबाडी करण्याला मराठीत याहून नेमका वाक्प्रचार नाही. पण तो खाडाखोड केलेला कागद इतिहासाच्या दप्तरात मिळालेला नाही. रामशास्त्र्यांच्या चौकशीचा रोख राघोबादादांकडे वळला होता, हेही सर्वश्रुत आहे. तरीही अडीचशे वर्षे आपल्या जिभेवर बाईंचेच नाव आहे. फेरफार केलेल्या मजकुराचे आपले सर्वांत प्रसिद्ध उदाहरणच पुराव्याने सिद्ध झालेले नाही, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. एका अक्षराची ती गोष्ट इतकी सुबक आहे की तिच्यापुढे गारद्यांचा थकलेला पगार, घरातली भाऊबंदकी, सत्तेची ओढ हे गुंतागुंतीचे खरे कारण फिके पडते. सुबक गोष्ट एक कर्ता पुढे करते आणि दुसऱ्याला आडोसा देते. कर्ता लपवण्याचा हाही एक मार्ग, आणि हा कोणी मुद्दाम अवलंबला की तो आपोआप घडला, हे आता सांगता येणार नाही.

त्यानंतर तीनच वर्षांनी पेशवाईला तोतयाच्या बंडाने हादरवले. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या मृत्यूची खात्री सर्वांना पटली नव्हती. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नव्हते. अशा घरात आणि अशा राज्यात ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक माणूस उभा राहिला. १७७६ मध्ये तो रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, कोकणातले किल्ले त्याच्या हाती येऊ लागले, माणसे जमा झाली. शेवटी फौजेपुढे पराभूत होऊन पळताना तो आंग्र्यांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात त्याला देहदंड झाला. एका भामट्यामागे इतकी माणसे कशी गेली, असा प्रश्न इतिहास वाचताना पडतो. मला त्याचे उत्तर पानिपतात दिसते. ज्या घरांतली माणसे परत आली नाहीत, त्यांच्या मनात एक दार उघडेच राहिले होते. तोतयाने ते दार निर्माण केले नाही. तो त्यातून आत आला. पुण्यातल्या विरोधकांना त्याचा राजकीय उपयोग कळला, हा पुढचा भाग.

वरळीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर या इतिहासाचे आणखी एक स्थळ आहे. आपल्या सात रस्त्याजवळचे, आर्थर रोडचे संसर्गजन्य रोगांचे रुग्णालय. आजचे कस्तुरबा रुग्णालय. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरच्या आरंभी पालिकेने रुग्णांना सक्तीने वेगळे काढण्याचे अधिकार स्वतःकडे घेतले. घरांत शिरून माणसे उचलली जाऊ लागली आणि नेलेल्यांपैकी फार थोडे परत येत. शहरात बोलवा उठली की रुग्णालयात माणसांना उलटे टांगून त्यांच्यातून मोमियाई काढतात. त्याच महिन्यात व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते. तेव्हा दुसरी बोलवा अशी उठली की अपमानाने संतापलेल्या राणीने मुंबईकरांची काळजे मागवली आहेत. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव त्या रुग्णालयावर चालून गेला.

त्या काळच्या सरकारी अहवालांत या बोलवा ‘अडाणी लोकांच्या कल्पना’ म्हणून नोंदल्या गेल्या. मोमियाई काढली जात नव्हती, हे खरे. पण आपले माणूस परक्यांनी बळजबरीने नेले, त्याचे शरीर आपल्याला नीट पाहता आले नाही, त्याचे काय झाले ते आपल्या भाषेत कोणी सांगितले नाही. हेही तितकेच खरे होते. मोमियाईची कथा ही त्या खऱ्याची भाषा होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला आणि सक्तीला आणखी धार आली. मार्च १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगल उसळली. पुढे सक्ती सैल झाली तेव्हाच वातावरण निवळू लागले. अफवा खोडून काढणाऱ्या पत्रकांपेक्षा घरात शिरणारे शिपाई कमी होणे अधिक उपयोगी पडले, असे दिसते.

त्याच साथीत खोटेपणा केवळ चाळींतून वर चढत नव्हता, हेही सांगायला हवे. परळला ज्यांच्या नावाची संस्था आहे त्या वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल येथे लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला आणि दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवला गेला. बाटली उघडताना तिथेच चूक झाल्याचा पुरावा असूनही त्यांच्यावरचा ठपका दूर व्हायला १९०७ साल उजाडले. अफवा पसरवतो तो अडाणी जमाव आणि सत्य राखते ते सुशिक्षित कार्यालय, ही वाटणी मुंबईच्या इतिहासाला मान्य होणारी नाही.

इथवर आपण पाहिले त्यात योजून रचलेले आणि आपोआप उगवलेले एकमेकांत मिसळलेले होते. विसाव्या शतकाने त्यातल्या योजनेला खाते, पगार आणि वरिष्ठ अधिकारी दिले. ‘देझइन्फर्मात्सिया’ हा शब्द रशियन. १९२३ मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांत या कामासाठी स्वतंत्र कचेरी उघडली गेली. तिच्या वारसांनी केलेल्या सर्वांत गाजलेल्या कामगिरीची सुरुवात मॉस्कोत झाली नाही, आपल्या दिल्लीत झाली. जुलै १९८३ मध्ये ‘पेट्रियट’ या दैनिकात एक निनावी पत्र छापून आले. लेखक म्हणे एक प्रसिद्ध अमेरिकी शास्त्रज्ञ. एड्सचा विषाणू अमेरिकी लष्कराने फोर्ट डेट्रिक येथे तयार केला असून पुढचे प्रयोग पाकिस्तानात व्हायचे आहेत, असा त्याचा मजकूर. दोन वर्षे ते पत्र तसेच पडून राहिले. ऑक्टोबर १९८५ मध्ये ‘लितेरातुर्नाया गझेता’ या सोव्हिएत साप्ताहिकाने त्याच पत्राचा हवाला देऊन लेख छापला आणि तिथून ही कथा जगभर गेली. स्वतः लिहायचे, दुसऱ्याच्या अंगणात छापून आणायचे आणि मग ‘भारतीय वृत्तपत्रच म्हणते’ असे सांगायचे. १९९२ मध्ये रशियाच्या परदेशी हेरखात्याचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी यामागे आपल्या हेरसंस्थेचा हात असल्याचे मान्य केले.

या कामगिरीतही खरी जमीन होतीच. फोर्ट डेट्रिक येथे अमेरिकेने १९६९ पर्यंत जैविक शस्त्रांवर काम केले होते, हे उघड सत्य आहे. परकीय पैशाने चालणाऱ्या संशोधनाविषयी सत्तरच्या दशकात आपल्याही संसदेत शंका घेतल्या गेल्या होत्या. भीमाने हत्ती आधीच मारून ठेवला होता, म्हणायचे.

यंत्र बदलले तरी कृती तीच राहते. २०१८ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळीच्या चित्रफिती देशभर फिरत होत्या. त्यांतली एक मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली होती. दुचाकीवरचा माणूस मुलाला उचलून नेतो, आणि शेवटी त्याला परत आणून सोडतो व मुलांची काळजी घ्या असा फलक दाखवतो. कोणीतरी हा शेवट कापला. पुन्हा तोच गिळलेला उत्तरार्ध. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठार मारले. द्रोणांच्या वेळी ‘कुंजर’ हा शब्द निदान पुटपुटला तरी गेला होता. इथे तो कात्रीने उडवलेला होता, आणि कात्री चालवणाऱ्या हाताला नाव नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती पसरण्यावरची मर्यादा होती. पिकवण्यावर कोणती घालणार?

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने करोनासाठी १८९७ चाच साथरोग कायदा लागू केला, आणि महिनाअखेरीस वरळी कोळीवाडा बंद करण्यात आला. मुंबईत असे सीलबंद झालेल्या पहिल्या वस्त्यांपैकी आमची एक. वाटांवर अडथळे, पोलीस, ध्वनिक्षेपक. बाहेरच्या जगासाठी गावाचे नाव म्हणजे रोगाचे नाव झाले. त्या आठवड्यात नातेवाइकांकडून मला एक ध्वनिफीत आली. बोलणारी बाई संथ, शिकलेल्या आवाजात सांगत होती की कोळीवाड्यात रात्री माणसे नेतात, खरा आकडा दडवला जातो आणि इथल्या बायकांकडून मासळी घेऊ नका. त्यातले रुग्णवाहिकांचे येणे खरे होते. आम्ही सायरन ऐकत होतो. आपल्या माणसाला कुठे ठेवले आहे ते लवकर कळत नाही, हेही खरे होते. मासळीचा निष्कर्ष तेवढा वरून जोडलेला.

ती फीत मी माझ्या आत्याला ऐकवली. तिने चाळीस वर्षे बाजारात मासळी विकली आहे. ऐकून झाल्यावर तिने एवढेच विचारले: ‘‘कोनी सांगलान?’’

आमच्या बोलीतल्या या क्रियापदाकडे तोवर मी कधी लक्ष दिले नव्हते. प्रमाण मराठीत ‘असे सांगितले’ म्हणून सांगणाऱ्याला वाक्याबाहेर ठेवता येते. किनाऱ्यावरच्या बोलींत ‘सांगलान’ म्हटले की सांगणारा क्रियापदाच्या शेपटीलाच बांधलेला येतो: त्याने किंवा तिने सांगितले. कोण, ते विचारणे मग ओघानेच आले. आत्याला त्या बाईचे नाव हवे होते, गल्ली हवी होती, ती कोणाची कोण हे हवे होते. बाजारात गिऱ्हाईक कल्ला उघडून लाल आहे की नाही हे पाहते आणि विकणारी ते पाहू देते. न पाहू देणाऱ्याकडून कोणी घेत नाही. ध्वनिफितीला कल्लाच नव्हता.

पण या प्रश्नाने काम भागले, असे मला म्हणता येत नाही. बंदोबस्त उठल्यावर बाजारात बसायला गेलेल्या आमच्या बायकांना काही महिने ‘कुठल्या तुम्ही?’ हा प्रश्न ऐकावा लागला, आणि काहींनी दुसऱ्याच गावाचे नाव सांगून दिवस काढले. म्हणजे एका खोट्याने दुसरे खोटे बोलायला लावले, आणि तेही पोटासाठी. ती बाई कोण होती, हे कोणालाच कळले नाही. कदाचित ती खरोखरच घाबरलेली असेल. कदाचित कोणी तिच्या तोंडी ते वाक्य घातले असेल.

या साऱ्या इतिहासातून मी माझ्यापुरता अर्थ काढतो तो असा. खोट्याचा कर्ता शोधलाच पाहिजे. पण तो बहुतेक वेळा सापडत नाही, आणि सापडला तर नऊ वर्षांनी, मॉस्कोत. जमीन मात्र आपल्या हाताशी असते. प्लेगच्या रुग्णालयात नेलेल्या माणसाची खबर त्याच्या घरी रोज पोहोचली असती, तर मोमियाईला इतकी गिऱ्हाइके मिळाली नसती. २०२० मध्ये गल्लीतल्या कोणाला कुठे ठेवले आहे, हे ओळखीच्या माणसाने संध्याकाळी दारात येऊन सांगितले असते, तर त्या संथ आवाजाला कोणी कान दिला नसता. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असे ध्वनिक्षेपक सांगत होता. मग कशावर ठेवायचा, हे सांगायला मात्र गल्लीत कोणी आले नव्हते.